चोवीस नंबरचा बेकायदा खेळाडू

१९७१ च्या सुरुवातीला सिएटल सुपरसॉनिक्सची टीम बाहेरगावी मॅच खेळायला गेली, की कधीकधी स्टेडियमच्या स्पीकरवरून एक घोषणा व्हायची. मैदानात एक बेकायदा खेळाडू आहे, चोवीस नंबरचा. मग प्रेक्षक हुर्यो उडवायचे. तो खेळाडू म्हणजे स्पेन्सर हेवुड, वय २१. एका गावात तर आपल्याला मैदानाबाहेर बर्फात उभं केलं होतं, असं त्यानं नंतर सांगितलंय. त्याचा गुन्हा? कॉलेजची चार वर्षं संपायच्या आत तो एनबीएमध्ये पैसे घेऊन बास्केटबॉल खेळत होता.

मी एनबीए बघायला लागलो तो ऑफिसच्या बसमध्ये. तिकडची रात्र म्हणजे आपली सकाळ, त्यामुळे मोबाइलवर एखादी मॅच अर्धीमुर्धी तरी बघून व्हायची. एकोणीस वर्षांची पोरं ड्राफ्टमध्ये येतात, कोट्यधीश होतात, हे मला गृहीतच वाटायचं. त्यामागे एक कोर्टकेस आहे, हे फार उशिरा कळलं.

ड्राफ्ट म्हणजे काय, ते आधी थोडक्यात. दरवर्षी नवे खेळाडू एका यादीत येतात आणि टीम आळीपाळीनं त्यांच्यातून निवड करतात. मागच्या मोसमात हरलेल्यांना साधारणपणे आधी संधी. ज्या टीमनं तुमचं नाव घेतलं तिच्याशीच बोलणी करायची. आपल्याकडच्या कॅम्पस प्लेसमेंटसारखंच, फक्त कंपनी तुम्हाला निवडते आणि दुसऱ्या कंपनीच्या इंटरव्ह्यूला बसायची सोय नाही.

त्या काळी या यादीत यायलाच एक अट होती. शाळा संपल्यापासून चार वर्षं झालेली असली पाहिजेत. कारण सांगितलं जायचं शिक्षणाचं. पण नियम नीट वाचला तर त्यात डिग्रीची अट नाहीच! कॉलेजला कधी पाऊलही न टाकलेल्या मुलालासुद्धा चार वर्षं थांबावं लागणार होतं. मग हा नियम शिक्षणासाठी कसा?

खरा हिशेब वेगळा होता. कॉलेजं मुलांना तयार करायची, टीव्हीवर झळकवायची, तिकिटं विकायची. मुलांना मिळायची स्कॉलरशिप. एनबीएला चार वर्षांनी तयार, प्रसिद्ध झालेला खेळाडू आयता मिळायचा, ट्रेनिंगचा एक डॉलरही खर्च न करता. या व्यवस्थेत कोणाचंच बिघडत नव्हतं, खेळणाऱ्या पोराचं सोडून. विल्ट चेंबरलेननं १९५८ मध्ये एक वर्ष आधी कॉलेज सोडलं, तर त्याच्यासारख्या राक्षसी ताकदीच्या खेळाडूलाही ते वर्ष हार्लेम ग्लोबट्रॉटर्सबरोबर प्रदर्शनी सामन्यांत काढावं लागलं.

हेवुड मिसिसिपीतल्या सिल्व्हर सिटीचा. दहा भावंडं. वडील त्याच्या जन्माआधीच गेलेले. आई कापूस वेचायची, लहानपणी तोही वेचायचा. शाळकरी वयात तो उत्तरेला डेट्रॉइटला आला आणि तिथे विल रॉबिन्सन नावाच्या कोचनं त्याला सांभाळलं. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकला बरेच नामवंत कॉलेज खेळाडू गेले नाहीत, तेव्हा हा १९ वर्षांचा मुलगा अमेरिकेचा सर्वाधिक गुण करणारा खेळाडू ठरला आणि सोनं घेऊन परतला. नंतर डेट्रॉइट विद्यापीठाकडून एक मोसम खेळला, सरासरी ३२ गुण. रॉबिन्सन तिथे मुख्य कोच होतील अशी त्याला आशा होती. ते झालं नाही.

तेव्हा एनबीएला टक्कर देणारी एबीए नावाची दुसरी लीग होती. तिचाही नियम असाच होता, पण तिला स्टार हवे होते. घरची परिस्थिती हलाखीची आहे, असं कारण दाखवून तिनं हेवुडला सूट दिली. १९६९-७० च्या मोसमात डेन्व्हर रॉकेट्सकडून पहिल्याच वर्षी तो नवोदितांमध्येही पहिला आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडूही.

मग डेन्व्हरनं त्याला १९ लाख डॉलरचा नवा करार दिला. पेपरांत मोठा आकडा. प्रत्यक्षात त्यातला मोठा हिस्सा तो चाळीस वर्षांचा झाल्यावर, दरसाल थोडा थोडा मिळणार होता, तोही अटींसह. सीटीसी आणि इन-हँड यातला फरक पहिल्या पगाराच्या दिवशी कळतो, हे आमच्या पिढीला वेगळं सांगायला नको. हेवुडला तो कळला तेव्हा त्यानं करार नाकारला आणि १९७० च्या शेवटी सिएटलचे मालक सॅम शुल्मन यांच्याबरोबर सहा वर्षांचा करार केला.

इथे एक गंमत आहे. हेवुडची शाळा संपली १९६७ मध्ये. म्हणजे नियमानुसार तो १९७१ च्या उन्हाळ्यात पात्र होणारच होता. सगळी लढाई होती काही महिन्यांची. तरी लीग आणि बाकीचे मालक हटले नाहीत, कारण एकाला सवलत दिली की कुंपणच गेलं.

प्रकरण थेट वर गेलं. १ मार्च १९७१ ला सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी हेवुडला खेळू देण्याचा खालच्या कोर्टाचा अंतरिम आदेश पुन्हा लागू केला. बसवून ठेवलं तर त्याचं शरीर, कौशल्य, लोकांच्या मनातली जागा, सगळंच घसरेल आणि ते नंतर भरून देता येणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. (पूर्ण सर्वोच्च न्यायालयानं बहुमतानं हेवुडच्या बाजूनं निकाल दिला, असं इंटरनेटवर जागोजागी वाचायला मिळतं. हा एका न्यायमूर्तींचा तात्पुरता आदेश होता.) त्याच महिन्यात कॅलिफोर्नियातले न्यायाधीश वॉरन फर्ग्युसन यांनी नियमच बेकायदा ठरवला. प्रतिस्पर्धी मालकांनी एकत्र येऊन एखाद्याला कामच न देणं म्हणजे संगनमतानं टाकलेला बहिष्कार, आणि त्यात त्या खेळाडूचं म्हणणं ऐकून घ्यायची साधी सोयही नव्हती. पुढे तडजोड झाली.

मला ही केस भिडली ती माझ्या बॅचमधल्या एका मित्रामुळे. तिसऱ्या वर्षाला असताना त्याला नोकरी मिळत होती, घरी कर्ज होतं. आम्ही सगळ्यांनी त्याला डिग्री पूर्ण कर म्हणून पिडलं, मी जरा जास्तच. त्यानं पूर्ण केली. आमचा सल्ला बरोबर होता का, याची मला आजही खात्री नाही. पण तो सल्ला होता. आम्ही बोललो, ठरवलं त्यानं. देशातल्या सगळ्या कंपन्यांनी आपसात ठरवून त्याला दार बंद केलं नव्हतं. हेवुडच्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं, आणि त्यावर लेबल होतं काळजीचं.

निकालानंतर लीगनं दार उघडलं, पण किलकिलं. लवकर यायचं असेल तर गरिबी सिद्ध करा! बरं खेळता येतं हे पुरेसं नाही, घरात अन्न नाही हेही दाखवा. हा अपमानास्पद प्रकार १९७६ पर्यंत चालला. नंतर नुसतं नाव देणं पुरेसं झालं. १९९५ मध्ये केविन गार्नेट थेट शाळेतून आला, २००३ मध्ये लेब्रॉन जेम्स. क्वामे ब्राउनही शाळेतूनच आला, २००१ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेला आणि कारकीर्दभर त्या क्रमांकाचं ओझं वागवत राहिला. लवकर येणं सगळ्यांना मानवतं असं नाही, हे मान्यच.

२००५ मध्ये वयाची अट परत आली: ड्राफ्टच्या कॅलेंडर वर्षात १९ वर्षं पूर्ण होणं आणि शाळेनंतर एक वर्ष. मग हेवुडच्या केसचं काय झालं? तर या वेळी नियम एकट्या मालकांनी केला नव्हता, खेळाडूंच्या युनियनबरोबरच्या करारात तो होता आणि अशा करारांना अमेरिकन कोर्टं बरंच संरक्षण देतात. अडचण एवढीच, की ज्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलांवर तो लागू होतो, ती तेव्हा युनियनमध्ये नसतात.

फेब्रुवारी २०१९ मध्ये ड्यूक विद्यापीठाचा झायन विल्यमसन नॉर्थ कॅरोलायनाविरुद्ध खेळत होता. सामना बघायला बराक ओबामा आले होते, तिकिटं हजारो डॉलरला विकली गेली होती. पहिल्या मिनिटातच त्याचा बूट फाटला, गुडघा मुरगळला. सगळ्या हॉलमध्ये ज्याच्यासाठी लोक आले होते, त्याला त्या रात्रीचा पगार नव्हता. दुखापत गंभीर निघाली नाही, जूनमध्ये तो पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. गंभीर निघाली असती तर?

आता गणित उलटं झालंय. २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना जाहिरातींतून कमावता येतं, २०२५ पासून कॉलेजं स्वतःही पैसे देऊ शकतात. २०२१ मध्ये साडेतीनशेच्या आसपास खेळाडूंनी मुदतीआधी ड्राफ्टला नाव दिलं होतं (त्यात करोनामुळे एक वर्ष जास्तीचं मिळालेली मुलंही होती). २०२५ मध्ये शंभराच्या थोडे वर. दुसऱ्या फेरीत निवडला जाईल असा मुलगा आता कॉलेजातच थांबतो, कारण तिथे पैसे जास्त मिळू शकतात. इतकी वर्षं शिक्षणाच्या नावानं जे जमलं नाही, ते पगारानं जमलं.

हेवुड २०१५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला, ६६ व्या वर्षी. लवकर येण्याच्या या नियमाला आपलं नाव द्यावं, असं तो बरीच वर्षं म्हणतोय. सिएटलनं त्याची चोवीस नंबरची जर्सी २००७ मध्ये सन्मानानं निवृत्त केली. पुढच्याच वर्षी ती टीम शहर सोडून ओक्लाहोमाला गेली.