ऑनलाइन तासाची हजेरी स्क्रीनशॉटवरून कशी लागते?

ऑनलाइन तासाला बसलेल्यांच्या यादीचा शिक्षक स्क्रीनशॉट काढतात. फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणाऱ्या तंत्राला ओसीआर म्हणतात. ‘टेसरॅक्ट’ हे असंच मोफत सॉफ्टवेअर. ते मराठीही वाचतं. वाचलेलं नाव हजेरीपटाशी जुळलं तर हजर, नाही तर गैरहजर.

घोळ इथंच होतो. पोरगं वडिलांच्या मोबाईलवरून बसलं, की यादीत वडिलांचं नाव नाहीतर मोबाईलचं मॉडेल दिसतं. मग पोरगं तासाला असूनही गैरहजर लागतं.

म्हणून तासाला जोडताना हजेरी क्रमांक आणि पोराचं नाव टाकावं, तेही हजेरीपटात आहे तसंच. एकाच मोबाईलवर दोन भावंडं असतील तर दोघांचीही नावं टाकावीत. शिक्षकांनीही न जुळलेली नावं स्वतः बघूनच हजेरी पक्की करावी.