हुद्दा आणि वतन

दिल्लीहून यमुना द्रुतगती मार्गाने आग्र्याकडे निघाले की ग्रेटर नोएडाच्या पुढे बुद्ध आंतरराष्ट्रीय शर्यतमार्ग लागतो. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे तेथे फॉर्म्युला वन मोटारींच्या शर्यती झाल्या आणि तिन्ही वेळा सेबास्टियन व्हेटेल हा जर्मन चालक जिंकला. तिन्ही वेळा त्याच्या गाडीवर एकच अंक होता : १. तो त्याने आवडीने निवडलेला नव्हता. आदल्या वर्षीच्या जगज्जेत्याने १ हा अंक लावावा, असा त्या वेळचा नियमच होता.

सप्टेंबर २०२३ मध्ये याच मार्गावर मोटो जीपी ही मोटारसायकलींची जागतिक शर्यत भारतात प्रथमच झाली. तेथेही १ ची पाटी होती. ती फ्रान्सेस्को बान्याया या इटालियन जगज्जेत्याच्या गाडीवर होती. परंतु दुसऱ्या स्थानावर असताना तो घसरून पडला. शर्यत जिंकली ७२ क्रमांकाच्या मार्को बेझेक्कीने. बेझेक्कीच्या संघाच्या नावातच एक निराळा अंक होता : ४६. त्याची कथा ऐकण्याजोगी आहे.

श्रोतेहो, शर्यतीतील क्रमांक हा मुळात वेळ नोंदणाऱ्यांच्या सोयीसाठी. धुळीतून सुसाटत गेलेला स्वार कोण, हे त्यांना ओळखता यावे, एवढाच त्याचा हेतू. पुढे मात्र त्याला मानाचा अर्थ आला आणि १ ही जेत्याची पाटी ठरली. पण मोटारसायकलींच्या जगात तिची सक्ती राहिली नाही. १९७६ चा जगज्जेता इंग्रज स्वार बॅरी शीन याने १ नाकारून आपला ७ च कायम ठेवला. इटलीचा व्हॅलेंटिनो रॉसी तर नऊ वेळा जगज्जेता झाला, तरी त्याने ४६ कधी सोडला नाही. तो त्याच्या वडिलांचा, ग्राझियानो रॉसी यांचा, अंक होता. २०२१ अखेर रॉसी निवृत्त झाला. पुढच्या वर्षी मोटो जीपीत तो अंकही कायमचा निवृत्त करण्यात आला.

अमेरिकेचा निकी हेडन याने २००६ चे अजिंक्यपद मिळवून २००७ मध्ये १ लावला. ते पद गेल्यावर २००८ मध्ये तो आपल्या ६९ कडे परतला. तो अंकही वडिलांचाच. इंग्रजी अंकलिपीत तो उलटा धरला तरी तसाच वाचता येतो, म्हणजे गाडी पालथी पडली तरी स्वार कोण ते कळते, असा विनोद त्या घरात सांगत.

हुद्दा आणि वतन यांतील भेद मराठी माणसाला नव्याने सांगावयास नको. १ हा हुद्दा आहे. तो पराक्रमाने मिळतो आणि दुसऱ्याचा पराक्रम मोठा ठरताच सोडावा लागतो. ४६ वा ६९ हे वतन. हार झाली तरी ते जात नाही. बान्यायानेही आपले वतन हळूहळू वाढविले होते : धाकट्या वर्गात २१, मधल्यात ४२ आणि थोरल्यात ६३. ग्रेटर नोएडात पडूनही २०२३ चे अजिंक्यपद त्यानेच राखले. २०२४ मध्ये मात्र ते स्पेनच्या होर्हे मार्तीनकडे गेले. पुढच्या हंगामात १ ची पाटी मार्तीनच्या गाडीवर चढली आणि बान्यायाच्या गाडीवर पुन्हा ६३ दिसू लागला.

हुद्दा उतरल्यावर परतण्यासाठी स्वतःचा अंक जवळ असणे, हेही काही लहान भाग्य नव्हे.