कर्करोगावरील प्रकाशोपचार : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

तंबाखूची पेठ म्हणून प्रसिद्ध असलेल्या निपाणी परिसराला मुखाच्या कर्करोगाचा प्रश्न परका नाही. काही कर्कपेशी औषधाला दाद देत नाहीत. अशा चिवट पेशींच्या आवरणात औषध बाहेर फेकणारे प्रथिन असते, याचा शोध ज्युलिआनो व लिंग यांच्या १९७६ सालच्या संशोधनातून सुरू झाला.

प्रकाशोपचाराचा मार्ग निराळा आहे. तेराव्या शतकात इब्न अल-बैतार यांनी कोडावर वनौषधी व ऊन यांचा एकत्रित उपचार नोंदविला. १९०० साली म्युनिक येथे ऑस्कर राब यांना रंगद्रव्य व उजेड मिळून सूक्ष्मजीव मरतात असे आढळले. प्रकाशाने उत्तेजित झालेले द्रव्य प्राणवायूला दाहक रूप देते; त्यामुळे अनेक चिवट पेशीही नष्ट होतात. मात्र हा प्रकाश काही मिलिमीटरच पोहोचतो. म्हणून मुखातील व्रणाची वेळीच तपासणी होणे, हीच या उपचाराची पहिली अट होय.