शाळेच्या वहीतली जन्मतारीख



थळच्या किनाऱ्यावर उभे राहिले, की समोर खांदेरी आणि उंदेरी दिसतात. १६७९ साली शिवाजी महाराजांनी खांदेरी बांधायला घेतली, ही गोष्ट इथल्या पोराटोरांनाही ठाऊक असते. पण इतिहास काही नुसत्या तटाबुरुजांचाच नसतो. चुकलेल्या पोरांना सरकारने कसे वागवले, याचाही एक इतिहास आहे. आज तो ऐका. कारण त्याचे शेवटचे टोक तुमच्या शाळेच्या कपाटात आहे.

समजा, बंदरावरून कुणाचे जाळे नाहीसे झाले आणि नुकती मिसरूड फुटलेल्या एका पोरावर आळ आला. पूर्वी त्याचे काय झाले असते? १८६४ च्या कायद्याने अल्पवयीन गुन्हेगाराला दुसऱ्या शिक्षेऐवजी फटके मारता येत. ते फटके कायद्यातून गेले १९५५ साली! नाहीतर तुरुंग होताच, आणि तिथे सोबतीला मुरलेले चोर. पोर एक चोरी करून आत जाई आणि दहा शिकून बाहेर येई.

हे काही जणांच्या मनाला लागले. मुंबईत १८५७ साली डेव्हिड ससून यांच्या नावाची औद्योगिक शाळा उभी राहिली. पोराच्या हाताला बेडी घालण्याऐवजी त्याला धंदा शिकवावा, हा त्यामागचा विचार. पुढे १९२४ साली मुंबई इलाख्याने मुलांसाठी वेगळा कायदा केला आणि १९२७ साली मुंबईत मुलांचे न्यायालय सुरू झाले. तरीही देशात मुले तुरुंगात राहतच होती. शीला बरसे या पत्रकार बाईंनी त्यांच्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. १९८६ साली, जम्मू-काश्मीर वगळता, साऱ्या देशाला एकच बालन्याय कायदा मिळाला. त्यात मुलगा सोळापर्यंतच बालक धरला जाई, मुलगी अठरापर्यंत. २००० च्या कायद्याने दोघांनाही अठराची मर्यादा लावली.

आता २०१५ चा कायदा चालतो. त्याप्रमाणे आपल्या त्या पोराला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. मंडळावर एक दंडाधिकारी आणि दोन समाजसेवक असतात. त्या दोघांत निदान एक स्त्री हवीच. पोर सोळाच्या पुढचे असेल आणि गुन्हा फार भयंकर असेल, तर मात्र त्याला मोठ्यांप्रमाणे चालवावे का, याचा विचार मंडळ करते. जाळ्याच्या चोरीला हे लागू नाही.

पण गुरुजी, पोर सतराचे की अठराचे, हे ठरवायचे कोणी? कायदा सांगतो : वयाबद्दल शंका असेल, तर आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा शालान्त परीक्षेचे प्रमाणपत्र पाहा, ते नसेल तर ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला, तोही नसेल, तरच डॉक्टरी तपासणी. म्हणजे न्यायालयाच्या आधी बोलते ती तुमची वही.

आणि आपल्याकडे काय होत आले? आई म्हणे, "पोर शिमग्याच्या आसपास झालं बघा." मास्तर बोटांवर हिशेब करीत आणि लिहीत, १ जून. महाराष्ट्रात कितीतरी जणांचा वाढदिवस असा मास्तरांच्या टाकातून जन्मला! यात दुष्टावा कुणाचा नव्हता. पण एखादे वर्ष चुकले, तर पोर मंडळापुढे जायचे ते मोठ्यांच्या कोर्टात जाईल. म्हणून नाव घालताना जन्माचा दाखला मागा. नसेल तर तो काढायला आईबापांना मदत करा.

हा कायदा शिकायला मुंबई गाठायला नको. सरकारने तो इंटरनेटवर मोफत वाचायला ठेवला आहे. २०१७ साली केंद्र सरकारने सुरू केलेल्या 'स्वयम्'वर कायद्याचे पाठही घरबसल्या फुकट ऐकता येतात. पैसे पडतात ते परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवे असेल तरच. बालन्यायावरचा पाठ लागलेला दिसला, की नाव नोंदवा. शाळा सुटल्यावर दोघे-तिघे शिक्षक एकत्र बसून तो ऐका आणि कळले ते पालकसभेत चार सोप्या शब्दांत सांगा.

फटक्यांपासून मंडळापर्यंत यायला दीडशे वर्षे लागली. ती सारी वाट वहीतल्या एका ओळीने वाया जाऊ नये, एवढे आपल्या हाती आहे.