माळवद

आमचं अर्धापुरातलं जुनं घर माळवदाचं. दगडमातीच्या भिंती दोन-दोन हात रुंद. त्यावर सागाचे सर, सरांवर फळ्या, फळ्यांवर पाला आणि त्याच्यावर हात-दीड हात पांढरी माती. ही माती कुठल्याही रानातली चालत नाही. काळी माती पाणी पिते, फुगते, उन्हात भेगाळते. पांढरी म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेची माती. ती चोपून बसवली की पाणी वरच्यावर निथळून जातं. मृग लागायच्या आधी बाबा आणि चुलते ती माळवदावर पसरायचे. एखाद्या वर्षी घर गळालं की पुढच्या वर्षी माती जास्त. जुनी काढून मग नवी टाकावी, असं आमच्या आळीत कुणी केल्याचं मला आठवत नाही. आजोबांच्या मातीवर बाबांची माती, असं चाललेलं.

त्याला कारणही तसंच होतं. आमच्याकडं मे महिन्यात पारा ४२-४३ च्या घरात जातो. दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. पण माजघरात गेलं की अंगावर पाण्याचा हात फिरवल्यागत वाटायचं. पंखा आमच्याकडं उशिरा आला, आणि आला तरी वीज कुठं होती? त्या मातीनंच आमचे उन्हाळे काढले. रात्री सगळी आळी माळवदावर. माळवदं एकमेकांना लागून होती; आम्ही पोरं या टोकापासून त्या टोकापर्यंत वरच्या वर पळायचो. दिवसा तिथंच शेवया-कुरड्या वाळायच्या, रात्री तिथंच भुताच्या गोष्टी, भेंड्या, भांडणं. बगीचा हा शब्द आम्ही पुस्तकात वाचला होता. त्याची गरज मात्र कधी पडली नाही.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बोळवलेले, पोरं नाचून दमलेली. पावसाळा असल्यानं आम्ही आत झोपलेलो. पहाटे चारच्या सुमाराला भांड्यांची उतरंड वाजली. मांजर असेल म्हणून मी कूस बदलली, तोच वरून नाकातोंडात माती पडली. आजी ओरडली, "भायेर निघा रे लेकरांनो, घर हालायलंय!" बाबांनी आम्हा दोघा भावंडांना दंडाला धरून ओढत बाहेर आणलं. आमच्या घराची एक भिंत कोपऱ्यात उकलली होती, एवढंच. दिवस उजाडल्यावर रेडिओवर किल्लारीचं नाव आलं.

किल्लारी आमच्यापासून सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या वर. तिथं आणि आसपासच्या लातूर-उस्मानाबादच्या गावांत सुमारे आठ हजार माणसं गेली. भूकंपाच्या सरकारी नकाशावर तो सगळा भाग तेव्हा सर्वांत कमी धोक्याचा म्हणून रंगवलेला होता. ६.२ रिश्टरचा धक्का मोठाच, पण एवढी माणसं का मेली, याचं उत्तर इंजिनियर लोकांना ढिगाऱ्यातच मिळालं. भिंती दोन पदरी: आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मध्ये दगडगोट्यांचा भराव, आणि दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड नाही. हादऱ्यानं थर सुटले, भिंती फुगून फुटल्या आणि डोक्यावरची पिढ्यान्‌पिढ्यांची माती खाली आली. बरेच लोक मातीखाली गुदमरून गेले. हे ऐकून बाबा दिवसभर गप्प होते. संध्याकाळी माळवदावर चढले आणि फावड्यानं कोपरा उकरून किती खोल जातंय ते बघून खाली आले. किती भरलं ते आम्हाला सांगितलं नाही.

त्यानंतर महिनाभर आमची आळी शाळेच्या मैदानावर झोपली. ज्या मैदानावर आम्ही कबड्डीची रेघ मारायचो त्याच रेघेच्या अल्याड एका घराची सतरंजी, पल्याड दुसऱ्याची. खोटं कशाला बोलू, आम्हा पोरांना मजा वाटत होती. अफवा रोज नवी: आज रात्री येणार, अमावस्येला येणार. म्हातारे जागत बसायचे, बायका भजनं म्हणायच्या, आणि आम्ही कंदिलाच्या उजेडात आट्यापाट्या खेळायचो.

किल्लारी पट्ट्यातली ५२ गावं उठवून दुसरीकडं वसवली. जागतिक बँकेच्या कर्जातून इतर गावांत घरं दुरुस्त झाली. वरची माती कमी करा, भिंतीत आरपार दगड घाला, असं तेव्हा सांगत. आमच्याकडं असं कुणी आलं नाही. भीतीनंच काम केलं. दोन-तीन वर्षांत निम्म्या आळीनं माळवद उतरवून पत्रे टाकले. आमचेही उतरले. सर विकले, माती उकिरड्याच्या खड्ड्यात गेली. पहिल्याच उन्हाळ्यात आजी म्हणाली, "मरणाची भ्या गेली, पण जगायची सोय बी गेली की." पत्र्याखाली दुपारी भाकरी गिळवत नव्हती. ती मग दिवसभर कडुनिंबाखाली बसायची.

आम्हा पोरांचा उन्हाळा तोवर कालव्यावर गेला होता. पैनगंगेवरच्या इसापूर धरणाचं पाणी आलं आणि अर्धापूर केळीचं गाव झालं. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेल्या माणसांच्या पोरांनी केळीचे ट्रक भरले, याचं मोल मला कमी लेखायचं नाही. बागेत शिरलं की त्याच जुन्या माजघराचा गारवा. पण वळवाचं वादळ एका संध्याकाळी अख्खी बाग आडवी करतं, आणि कालव्याच्या गुळगुळीत उतारावर पाय ठरत नाही. आमच्याच वर्गातला एक जण त्यात गेला. दुसऱ्या उन्हाळ्यात आम्ही पुन्हा पोहायला गेलो. दुसरीकडं जायचं कुठं?

पैसा आला तशी पत्र्यांची घरं पाडून स्लॅबची झाली, दोन-दोन मजली, एकमेकांना खेटून. गच्चीवर पाण्याच्या टाक्या. मधल्या भिंती उंच केल्या, त्यामुळं या गच्चीवरून त्या गच्चीवर पळणं संपलं. मैदानाच्या रस्त्याकडच्या बाजूला गाळे निघाले, उरलेल्याला कुंपण आणि फाटक. नाव कुणाचं घेऊ? एक गाळा आमच्या चुलत भावाचा आहे.

२१ मार्च २०२४. सकाळी सहा वाजून आठ मिनिटांनी जमीन हालली. केंद्र शेजारच्या कळमनुरी तालुक्यात, ४.५ रिश्टर. मागोमाग आणखी एक धक्का. सगळे गल्लीत. दोन्ही अंगाला दोन मजले, वर टाक्या, मध्ये आठ फूट रस्ता आणि त्यात मोटारसायकली. आई माझ्या दंडाला धरून म्हणाली, "शाळेकडं चल." गेलो. फाटकाला कुलूप होतं. आम्हाआधीच पंधरा-वीस माणसं तिथं उभी होती, बहुतेक म्हातारी, त्र्याण्णवची रात्र त्याच मैदानावर काढलेली. शिपायाला फोन लावत होते, तो आपल्या लेकरांना घेऊन कुठंतरी उघड्यावर थांबला होता. साडेसातला तो चावी घेऊन आला, तोवर ऊन चढलं होतं आणि निम्मे लोक घरी परतले होते. आई आत गेली. जिथं आमची सतरंजी असायची ती जागा तिनं बरोबर शोधली आणि थोडा वेळ तिथं बसून राहिली.

१० जुलैला पुन्हा तेवढाच धक्का बसला. त्या दिवशी शिपाई लवकर आला.