आबकारीचा अंमल आणि मडक्यातील जीवशास्त्र

पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर जीवशास्त्राची प्रयोगशाळा घराघरांत पूर्वापार नांदत आली आहे. पहाटे उतरविलेला शिंदीचा रस गोड असतो, ऊन चढू लागले की त्याला फेस येतो, आणि दिवस कलेपर्यंत तो आंबटतो. आदल्या दिवशीच्या मडक्याला आतून चिकटून राहिलेले किण्व (यीस्ट) हे कार्य त्वरेने घडवून आणते, हे ओळखण्यासाठी येथील माणसाला लुई पाश्चरच्या 1857 मधील किण्वनावरील संशोधनाची प्रतीक्षा करावी लागली नाही.

ब्रिटिश सरकारने या विद्येकडे पाहिले ते केवळ महसुलाच्या दृष्टीने. 1878 च्या मुंबई आबकारी कायद्याने रसासाठी झाड छेदण्यास परवाना आणि कर लागला. 1892 च्या कायद्याने तर, ज्या मोहफुलांपासून दारू गाळली जाई, पण ज्यांवर गरीब कुटुंबे टंचाईच्या दिवसांत गुजराण करीत, ती फुले बाळगण्यावरच ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत निर्बंध आले. या कायद्यांत दंड होता, जप्ती होती. मडके स्वच्छ कसे राखावे, नासलेला रस कसा ओळखावा, याची शिकवण नव्हती. हा अन्याय मला करापेक्षाही मोठा वाटतो.

1957 मध्ये डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर आलेल्या बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. तोच मार्ग धरून येथील प्रत्येक शाळेने एक सूक्ष्मदर्शक घ्यावा, मडक्यातील थेंब मुलांना दाखवावा, आणि त्यासोबत सुरक्षिततेचे नियमही शिकवावेत.