काळ्या पट्ट्याची वंशावळ

आपल्या मंडळातील कित्येक कुटुंबांत आज ज्युडो किंवा कराटे शिकणारे एखादे मूल आहे. पांढरा, पिवळा, नारिंगी अशा पायऱ्या चढत काळ्या पट्ट्यापर्यंत पोहोचण्याची त्याची धडपड आईवडील कौतुकाने पाहत असतात. परंतु हा काळा पट्टा मुळात कोणी, केव्हा आणि कशासाठी बांधला, याची विचारपूस सहसा होत नाही. पांढरा पट्टा वर्षानुवर्षे न धुता वापरला म्हणजे घामाने व मातीने काळा पडतो आणि तोच काळा पट्टा, अशी एक आख्यायिका मात्र सर्वत्र सांगितली जाते. ती रम्य आहे, पण खरी नाही. काळ्या पट्ट्याला निश्चित जन्मस्थान आहे, जनक आहे आणि वंशावळही आहे.

या विद्येचे मूळपुरुष जिगोरो कानो यांचा जन्म १८६० साली कोबेजवळील मिकागे येथे झाला. प्रकृतीने किरकोळ आणि अभ्यासात हुशार, असा हा मुलगा शाळेतील दांडगटांच्या जाचाला कंटाळून जुजुत्सू शिकण्याच्या मागे लागला. तेव्हा मेइजी राजवटीने सामुराईंचे शस्त्र धारण करण्याचे अधिकार काढून घेतले होते आणि जुन्या युद्धविद्यांचे गुरू हाडवैद्यकी करून पोट भरीत होते. अशाच एका हाडवैद्याकडे, हाचिनोसुके फुकुदा यांच्याकडे, कानोंनी १८७७ च्या सुमारास शिष्यत्व पत्करले. एखादा डाव कसा पडतो असे विचारले, की फुकुदा उत्तरादाखल शिष्याला पुन्हा आपटीत. समजावून सांगण्याची त्यांची हीच रीत. १८७९ मध्ये फुकुदा निवर्तले. पुढे मासातोमो इसो आणि त्यांच्यानंतर कितो संप्रदायाचे त्सुनेतोशी इइकुबो हे कानोंचे गुरू झाले.

१८८२ साली कानोंनी तोकियोतील एइशोजी या बौद्ध मंदिराच्या जागेत अवघ्या बारा चटयांची आपली शाळा उघडली. तीच कोदोकान. पहिल्या वर्षी शिष्य होते नऊ.

जुन्या संप्रदायांत प्रावीण्याची पावती म्हणजे गुरूने हाती दिलेली गुंडाळी अथवा परवाना. असे परवाने फार थोडे असत आणि दोहोंमध्ये कित्येक वर्षांचे अंतर पडे. आपल्या घराण्यांच्या गायकीत गंडा बांधल्यापासून मैफलीत स्वतंत्रपणे बसण्याची अनुज्ञा मिळेपर्यंत जसा शिष्याचा काळ जाई, तसाच हा प्रकार. कानो व्यवसायाने शिक्षक. पुढे उच्च शिक्षक-महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी दीर्घकाळ भूषविले. इतक्या लांबच्या पायऱ्यांनी विद्यार्थ्याचा हुरूप टिकत नाही, हे त्यांनी ओळखले. ‘गो’ या पटावरील खेळात शतकांपूर्वीपासून ‘दान’ नावाच्या श्रेणी होत्या. त्या त्यांनी उचलल्या. आपल्या दानाशी या शब्दाचे नाते नाही. जपानीत त्याचा अर्थ पायरी. पहिल्या श्रेणीस ‘शोदान’ म्हणतात, म्हणजे आरंभीची पायरी. काळा पट्टा मिळाला म्हणजे विद्या संपादन झाली असे आपल्याकडे मानतात. मुळात तेथून विद्येस प्रारंभ होतो असा संकेत आहे.

१८८३ मध्ये त्सुनेजिरो तोमिता आणि शिरो साइगो या दोघांना पहिले शोदान मिळाले. काळ्या पट्ट्याच्या वंशवृक्षाच्या या पहिल्या दोन फांद्या. मात्र तेव्हा पट्टा नव्हताच. दानधारक ओळखू यावेत म्हणून कमरेस काळा पट्टा बांधण्याची प्रथा १८८६ च्या सुमारास पडली.

या दोघांपैकी साइगोची कथा चटका लावणारी आहे. ठेंगणा पण विलक्षण चपळ असा हा शिष्य कोदोकानचा मानबिंदू होता. कानो युरोपच्या प्रवासावर असताना १८९० मध्ये तो संस्था सोडून गेला आणि पुढे नागासाकीस वृत्तपत्रात काम करू लागला. १९२२ मध्ये तो वारला, तेव्हा कानोंनी त्यास मरणोत्तर सहावे दान दिले. तोमिताच्या मुलाने साइगोवर बेतलेला नायक घेऊन कादंबरी लिहिली आणि तिच्यावरूनच अकिरा कुरोसावा यांनी १९४३ साली आपला पहिला चित्रपट काढला. स्वतः कानोंना कोणतेही दान नव्हते. ते देणार कोण?

आपल्या तालमीत पट्टा नसतो, पठ्ठा असतो. अमुक वस्तादांचा पठ्ठा म्हटले की पुढची चौकशी लागत नाही. पट्ट्याचे वैशिष्ट्य असे, की तो गुरूच्या नावाविना दुसऱ्या गावी, दुसऱ्या देशी ओळखला जातो. म्हणूनच तो इतर विद्यांनीही उचलला. ओकिनावाहून आलेले गिचिन फुनाकोशी यांना १९२२ मध्ये कानोंनी कोदोकानमध्ये प्रात्यक्षिकासाठी बोलाविले. दोनच वर्षांनी फुनाकोशींनी कराटेचे पहिले काळे पट्टे बहाल केले. कोदोकानचेच मित्सुयो माएदा १९१४ साली ब्राझीलला पोहोचले आणि त्यांनी कार्लोस ग्रेसी यास शिकविले. तेथील जुजुत्सूपटू आजही गुरू, गुरूचा गुरू असे मागे मोजीत माएदापर्यंत जातात. मुलांच्या पिवळ्या-नारिंगी पट्ट्यांचे प्रस्थ मात्र युरोपात वाढले. आपल्या देशी रवींद्रनाथांनी १९२९ मध्ये शिंझो ताकागाकी यांना शांतिनिकेतनात आणून मुलांबरोबर मुलींनाही ही विद्या शिकविण्याची व्यवस्था केली, हे बंगालात राहणाऱ्या आपल्या बांधवांस विशेष वाटेल.

मुलींचा उल्लेख आलाच आहे, तर या वंशावळीतील एक शाखा आवर्जून सांगितली पाहिजे. आपल्या पहिल्या गुरूचे ऋण कानो विसरले नव्हते. फुकुदांची नात केइको हिला त्यांनी स्वतः बोलावून घेतले आणि १९३५ मध्ये ती कोदोकानच्या महिला विभागात दाखल झाली. उंची पाच फुटांहूनही कमी. विद्येसाठी तिने विवाह केला नाही. १९५३ मध्ये तिला पाचवे दान मिळाले आणि तेथेच गाडे अडले, कारण स्त्रियांना त्यापुढे श्रेणीच नव्हती. आमच्यासारखे सरकारी नोकर सेवाज्येष्ठतेच्या यादीत वेतनश्रेणीच्या शेवटच्या टप्प्यावर थांबणे काय असते ते जाणतात. परंतु येथे दोष गुणवत्तेचा नव्हता, रिक्त जागेचाही नव्हता. १९६४ च्या तोकियो ऑलिंपिकमध्ये ज्युडोचा प्रथमच समावेश झाला, तेव्हा जगासमोर ‘जू नो काता’चे प्रात्यक्षिक करण्यास केइकोबाई चालल्या, सहाव्या दानास मात्र चालल्या नाहीत. स्त्रियांवरील हा अन्याय आहे असा आवाज उठल्यावर १९७२ मध्ये, म्हणजे एकोणीस वर्षांनी, सहावे दान देण्यात आले. आमच्या मते कोदोकानच्या इतिहासातील सर्वांत विलंबाने चुकते झालेले देणे हेच.

तोवर त्या सान फ्रान्सिस्कोच्या परिसरात स्थायिक झाल्या होत्या. २००६ मध्ये कोदोकानने त्यांना नववे दान दिले. २०११ मध्ये अमेरिकेतील ज्युडो संघटनेने दहावे. नव्वदी उलटल्यावरही त्या शिकवीत असत. ९ फेब्रुवारी २०१३ रोजी, वयाच्या ९९ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.